कमरीपेठेतील धुराडे

हुबळीच्या कमरीपेठेत मी गेलो तो धुराडी पाहण्यासाठी खचित नव्हे. माझ्या धर्मग्रामातील एक कुटुंब मुलाच्या रेल्वेतील नोकरीमुळे तिकडे राहावयास गेले आहे. त्या घरच्या आजींनी, ‘फादर, नाताळाच्या आधी एकदा येऊन घराला आशीर्वाद देऊन जा’, असा निरोप दोन वर्षे लागोपाठ पाठविला होता. गेल्या आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात तो योग आला. सोमवारी पोहोचावे आणि बुधवारी परतावे असा बेत होता. प्रत्यक्षात शनिवार उजाडला. त्या दिवसांत मी जे पाहिले त्यातील निम्म्याहून अधिक एका न्हाणीघराच्या धुराड्याविषयीचे आहे, आणि ज्या वाचकांच्या घरी अद्याप पहाटे पाणी तापविण्यासाठी जाळ पेटतो त्यांना ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

मिरजेहून निघालेली गाडी बेळगाव आणि खानापूर मागे टाकून लोंढ्याला येते तेव्हा दोन्ही बाजूंना दाट रान असते. अळणावरनंतर रान विरळ होते, धारवाडला पेढेवाल्यांच्या आरोळ्या ऐकू येतात आणि मग हुबळीकडे जाता जाता माती काळी, कापसाची होऊ लागते. 2014 पासून या शहराचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी असे झाले असले तरी मराठी माणसाच्या तोंडी हुबळीच आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत हा सारा मुलूख मुंबई राज्यातच होता, आणि 1962 पासून हुबळी व धारवाड या दोन शहरांची मिळून एकच महानगरपालिका आहे. येथल्या स्थानकाचा फलाट 1507 मीटर लांबीचा असून 2023 च्या मार्चमध्ये तो जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून खुला करण्यात आला. डबा पुढच्या टोकाला असून हातात वजनदार पिशवी असेल, तर या मानाचे कौतुक प्रवाशाला तितकेसे वाटत नाही, एवढे मात्र नमूद करून ठेवतो.

कमरीपेठ ही जुन्या शहरातील वस्ती. रस्ते अरुंद, घरे एकमेकांना खेटून, दारांसमोर ओटे. या पेठेत आणि आसपास सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची दाट वस्ती आहे. विणकाम हा या लोकांचा पिढीजात धंदा. घरात ते जी बोली बोलतात तिच्यात गुजराती, मराठी आणि हिंदी यांचा असा काही मिलाफ झाला आहे की मराठी माणसाला दर तिसरा शब्द ओळखीचा वाटतो आणि तरीही वाक्याचा अर्थ हाती लागत नाही. बाहेर ते कानडी बोलतात, आणि आपल्यासारखा पाहुणा आला की मोठ्या अगत्याने मराठीवर येतात. त्यांची कुलदेवता तुळजाभवानी. दाजिबान पेठेतील तिचे मंदिर सर्वांच्या माहितीचे आहे. हुबळीच्या सावजी खाणावळी याच समाजाच्या. त्यांचा तिखट रस्सा मी एकदाच खाल्ला आणि पुढचे दोन दिवस आजींच्या हातच्या पेजेवर काढले.

आमच्या कुटुंबाने भाड्याने घेतलेले घर अशाच एका वृद्ध विणकराच्या मालकीचे आहे. घरातली माणसे त्यांना अण्णा म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, मान ताठ, बोलणे थोडके. पुढचा अर्धा भाग भाड्याने दिलेला, मागचा स्वतःकडे. घराला मंगलोरी कौले आहेत. (बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि मग कर्नाटकाच्या घरांची डोकी लाल झाली, हे पुष्कळांना ठाऊक असेल.) मागच्या अंगणालगत न्हाणीघर. तेथे विटांच्या चुलीत एक भला मोठा तांब्याचा हंडा कायमचा बांधून बसविला आहे. खाली जाळ घालावयाचा, धूर हंड्याच्या भोवती फिरून भिंतीतल्या धुराड्यात शिरावयाचा आणि माळ्यावरून, कौलांतून बाहेर पडावयाचा, अशी रचना. आपल्याकडचा बंब निराळा. त्याच्या पोटातूनच धुराची नळी गेलेली असते आणि पाणी तिच्याभोवती राहते. काम मात्र दोघांचे एकच, आणि दोघांचा धोकाही एकच.

मंगळवारी पहाटे हुबळीला चांगलीच थंडी होती. मी ओसरीवर प्रार्थनापुस्तक घेऊन बसलो होतो. घरातली अकरा वर्षांची नात अंघोळ करून आली ती उंबऱ्यावरच बसली. तोंड लालसर झालेले, डोळे अर्धे मिटलेले. ‘डोके ठणकतंय’, एवढेच ती म्हणाली आणि तिला उलटी झाली. आजी लगबगीने मीठमोहरी घेऊन आल्या. मग मी समोर आहे हे ध्यानात येताच त्यांनी मूठ पदराआड केली आणि नातीच्या कपाळावर क्रुसाची खूण केली. ‘गेल्या आठवड्यातही दोनदा असंच झालं, फादर. शाळेत गेली की बरी होते. शाळा बुडवायची सोंगं म्हणावीत, तर शाळेतच बरी होते!’ सूनबाई म्हणाल्या, ‘माझंही डोकं सकाळी जड असतं. बाजाराला गेलं की उतरतं.’

हे शब्द कानी पडले आणि माझ्या हातातील पुस्तक मिटले गेले.

वाचकहो, येथे मला नऊ वर्षे मागे जाणे भाग आहे. तेव्हा मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथे चर्चमध्ये पेटी वाजविणारा तेवीस वर्षांचा एक तरुण होता. त्या हिवाळ्यात सकाळच्या मिस्सेनंतर तो मला दोनदा म्हणाला होता, ‘फादर, हल्ली सकाळी डोकं फार दुखतं.’ मी त्याला म्हणालो, ‘रात्री लवकर निजत जा.’ दुसऱ्या खेपेस चष्म्याचा नंबर तपासून घ्यावयास सांगितले. त्यांच्या न्हाणीघरात पाणी तापविण्याचे गॅसचे यंत्र बसविले होते. खोली लहान, झरोका थंडीसाठी पुठ्ठ्याने बंद केलेला. जानेवारीच्या एका सकाळी त्याच्या वडिलांनी दार फोडले तेव्हा पाणी चालूच होते. त्याच्या अंत्यविधीची मिस्सा मी केली. त्या दिवशी पेटी कोणी वाजविली नाही.

नंतर डॉक्टरांनी मला समजावून सांगितले. लाकूड असो, कोळसा असो वा गॅस असो, हवा अपुरी पडली की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेतच असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आरंभी डोकेदुखी, मळमळ, चक्कर. पुढे हातापायांतली शक्ती जाते, म्हणजे दाराची कडी काढण्याइतकेही बळ उरत नाही. आणि मग शुद्ध हरपते. एकाच घरातील दोघातिघांची डोकी एकाच वेळी दुखावीत आणि घराबाहेर पडताच बरी व्हावीत, ही त्याची ओळखीची खूण. ही खूण मला नऊ वर्षांपूर्वी ठाऊक असावयास हवी होती.

म्हणून त्या मंगळवारी मी विचार करीत बसलो नाही. मुलीला उचलून अंगणात उघड्यावर आणले, चुलीतील जाळ विझविला, दारेखिडक्या उघडल्या आणि रिक्षा बोलावून तिला व तिच्या आईला इस्पितळात नेले. बोटाला लावण्याच्या चिमट्याने प्राणवायूचा आकडा 98 दाखविला. तो पाहून मुलीच्या वडिलांचा जीव भांड्यात पडला. परंतु तेथील तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा चिमटा त्या विषारी वायूला आणि प्राणवायूला वेगळे ओळखू शकत नाही. दोन्ही त्याला सारखेच दिसतात. त्यांनी रक्त तपासावयास दिले आणि तोंडावर मुखवटा लावून दोघींना कित्येक तास प्राणवायू दिला. संध्याकाळी मुलगी हसतखेळत घरी आली व आल्या आल्या सावजी रस्सा मागू लागली.

आता प्रश्न उरला तो धुराड्याचा. अण्णांचे म्हणणे सरळ होते: ‘फादर, हे धुराडे माझ्या वडिलांनी बांधले. सत्तर वर्षे आम्ही याच पाण्याने न्हालो. तेव्हा कोणाचे डोके दुखले नाही.’ त्यांचे बोलणे खोटे नव्हते, आणि त्यामुळेच त्याचे उत्तर शोधणे अगत्याचे होते. सत्तर वर्षे जे चालले ते आताच का बिघडावे?

धुराडे हे ज्या बळावर चालते ते अगदी साधे आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, तिची जागा घेण्यासाठी खालून नवी हवा आत येते, आणि ही ओढ चालू राहते तोवर धूर वरच जातो. धुराडे जितके उंच आणि आतली हवा जितकी ऊन, तितकी ओढ जास्त. परंतु खालून हवाच आली नाही तर ओढ लागणार कशी? न्हाणीघराला पूर्वी जमिनीलगत एक जाळीचे भोक होते व वर एक झरोका होता. शेजारी दोन वर्षांपूर्वी दुमजली घर उठले, त्यांच्या खिडकीतून दिसू नये म्हणून झरोका विटांनी बुजविला गेला, आणि उंदीर येतात म्हणून खालचे भोकही बुजले. शिवाय त्या नव्या घराची भिंत धुराड्यापासून पाचसहा फुटांवर आणि धुराड्याहून उंच. वारा त्या भिंतीवर आदळून खाली वळतो आणि धूर उलटा दाबतो. धुराडे बांधणारे जाणकार सांगतात की त्याचे तोंड छपरातून निघाल्यावर निदान तीन फूट वर असावे, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून दोन फूट वर असावे. अण्णांच्या वडिलांनी हा नियम बरोबर पाळला होता. शेजार मात्र मागाहून वाढला.

एवढे ऐकून अण्णा म्हणाले, ‘मग झरोका फोडू. धुराड्याला हात कशाला?’ मलाही क्षणभर ते पटले. पण बोलावलेला गवंडी अनुभवी होता. तो म्हणाला, आधी पोटात काय आहे ते पाहू.

बुधवारी सकाळी त्याने कौले बाजूला सारून धुराड्याच्या तोंडातून दोर सोडला. दोराला काथ्याचा मोठा बोळा आणि त्याखाली धोंडा. दोनचार वेळा वरखाली ओढताच खाली दोन टोपल्या काजळी जमा झाली. तीत एक जुने घरटेही होते. (आपल्या भाषेत चिमणी म्हणजे पाखरू, चिमणी म्हणजे दिवा आणि चिमणी म्हणजे धुराडे, येथे पहिली तिसरीत बिऱ्हाड करून राहिली होती.) मग त्याने चुलीत ओले गवत पेटविले, धुराड्याचे वरचे तोंड भिजविलेल्या पोत्याने झाकले आणि आम्हाला माळ्यावर चला म्हणाला. माळ्यावर अण्णांच्या जुन्या हातमागाचे सुटे भाग, फण्या आणि धोटे, नीट रचून ठेवलेले होते. बघता बघता भिंतीतल्या धुराड्याच्या तीन सांध्यांतून धुराच्या बारीक पट्ट्या निघू लागल्या. हा माळा मुलीच्या निजण्याच्या खोलीच्या डोक्यावर येतो, आणि त्याच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी आहेत.

अण्णा काही बोलले नाहीत. गवंड्याने मग विजेरी एका ठिकाणी रोखली. छपराची एक सागवानी तुळई धुराड्याच्या विटांत चांगली चार बोटे शिरलेली होती. बांधताना आधार म्हणून तशी घेतलेली असावी. त्याने भोवतीची वीट हलकेच काढली. तुळईचे टोक कोळशासारखे काळे होते. अण्णांनी त्यावर बोट फिरविले तर बोट काळे झाले आणि टोकाचा एक तुकडा भुगा होऊन पडला. वर्षानुवर्षे ताप सोसलेले लाकूड आतून असे सुकत, जळत जाते आणि मग थोड्याशा उष्णतेनेही पेट घेते. त्या टोकापासून हातभर अंतरावर मागाची वाळलेली लाकडे होती. अण्णांनी बोट धोतराला पुसले आणि म्हणाले, ‘उद्यापासून काम लावा.’

येथे, ज्याला धुराड्याचे अस्तर म्हणतात त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. कोटाला जसे अस्तर तसे धुराड्याच्या पोटात एक अखंड नळी; मातीची भाजलेली, सिमेंटची किंवा पोलादाची. लाकडाच्या धुरात पाण्याची वाफ, आंबट द्रव्ये आणि डांबरासारखा चिकट अंश असतो. थंड भिंतीला लागताच ते सारे तेथे जमते. आंबट द्रव्ये विटांमधला चुना खाऊन सांधे सोडवितात. चिकट अंश साचून पुढे एखाद्या ठिणगीने पेटतो, आणि धुराड्यातील ती आग हजार अंशांच्याही वर जाऊ शकते. गेल्या शतकातील चाळिशीच्या दशकात अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने विटांची बिनअस्तराची धुराडी मुद्दाम तापवून पाहिली, तेव्हा त्यांना लागून असलेल्या लाकडाने अवघ्या साडेतीन तासांत पेट घेतला. ब्रिटनमध्ये 1965 च्या इमारत-नियमांपासून नव्या धुराड्यांना अस्तर आवश्यक ठरले. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी महिनोन् महिने आग जळते, म्हणून तेथे या गोष्टींचा विचार आधी झाला. पण त्याआधी त्यांनी त्याची मोठी किंमत मोजली. काजळी खरवडण्यासाठी तेथे लहान मुलांना धुराड्यांत चढवीत असत. त्या काजळीने सफाई करणाऱ्यांना कर्करोग होतो हे लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने 1775 सालीच लिहून ठेवले होते. तरीही ती चाल थांबण्यास शंभर वर्षे जावी लागली. 1875 साली जॉर्ज ब्रूस्टर नावाचा एक मुलगा केंब्रिजजवळच्या एका इस्पितळाच्या धुराड्यात अडकून मेला आणि मग त्याच वर्षी कडक कायदा झाला. शंभर वर्षे माहीत असूनही काही न करणे हे केवळ परदेशी लोकांनाच जमते असे समजू नये.

आपल्याकडे धुराचा विचार झालाच नाही असेही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेतील एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर एक छोटेखानी इंग्रजी पुस्तक लिहिले, ते 1953 साली मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने छापले. कर्नाटकात तर बेंगळूरच्या विज्ञान संस्थेत 1974 साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ नावाचा विभाग निघाला आणि त्याची ‘अस्त्र ओले’ ही धुराड्याची चूल पुढच्या दशकात खेड्यापाड्यांत गेली. सरकारची सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना 1983 च्या सुमारास सुरू होऊन 2002 पर्यंत चालली. तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. पण चूल बसविणारा निघून गेला की धुराड्याची नळी कोणी साफ करावयाची, फुटली तर कोणी बदलावयाची, हे सांगावयास कोणी उरले नाही, आणि अनेक घरांत ती नळी तुटून पडली. स्वयंपाकासाठी आता खेडोपाडी गॅस आला आहे; 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर तर पुष्कळच. अंघोळीच्या पाण्यासाठी मात्र सरपणाचा जाळ अजून कायम आहे, कारण गॅसचे नळकांडे त्यापायी संपविणे कोणाला परवडत नाही.

गुरुवारी काम लागले. पत्र्याचे काम करणारे एक वृद्ध चाचा आले. त्यांची दखनी, गवंड्याची कानडी, अण्णांची खत्री बोली आणि आमची मराठी यांतून जे काही निघेल त्यावर काम चालले. शेजाऱ्याकडे पडून असलेली एक जुनी अ‍ॅस्बेस्टॉसची नळी फुकट मिळत होती. ती मी घेऊ दिली नाही. त्या जिनसाचे बारीक तंतू छातीत जाऊन असाध्य रोग होतात, आणि ती करवतीने कापणे तर फारच वाईट. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा स्वस्त पडतो, परंतु जाळाजवळ मुलामा टिकत नाही आणि त्याची वाफ अपायकारक असते. शेवटी न गंजणाऱ्या पोलादाच्या पत्र्याची सहा इंच व्यासाची, तीन तीन फुटांची नऊ नळकांडी चाचांनी वळून आणली. व्यास चुलीच्या धूर निघण्याच्या तोंडाएवढाच ठेवला. पैसे वाचविण्यासाठी तो लहान केला तर धूर कोंडतो.

नळकांडी एकात एक कशी बसवावीत यावर मोठा वाद झाला. चाचा म्हणत, ‘धुआँ ऊपर जाता है, तो ऊपरवाली नली बाहर से आनी चाहिए’, म्हणजे धूर सांध्यात अडणार नाही. ऐकावयास ते बरोबर वाटते. परंतु धूर वर जात असला तरी त्यातून निथळणारे डांबर खाली येते, आणि वरची नळी बाहेरून असेल तर ते प्रत्येक सांध्यातून बाहेर गळते. म्हणून वरच्या नळीचे निमुळते तोंड खालच्या नळीच्या आत उतरले पाहिजे. चाचांनी हे ऐकून घेतले, थोडा वेळ विडी ओढली, मग एका नळकांड्यात तांब्याभर पाणी ओतून पाहिले आणि स्वतःच म्हणाले, ‘फादरसाब सच बोलते.’ वस्तुतः ते ज्ञान माझे नव्हते. आदल्या रात्री मी एका अभियंता मित्राला दूरध्वनी करून विचारले होते.

तुळईचे जळके टोक वीतभर कापून टाकले व तिला खालून दगडी खांबाचा टेकू दिला. मग वरून साखळीने नळी उतरविली. जुन्या विटा आणि नवी नळी यांच्यामध्ये दीडदोन बोटे जागा राहिली, ती गवंड्याने भाताच्या तुसाच्या कोरड्या राखेने भरली. ही राख उष्णता सहजी जाऊ देत नाही. त्यामुळे नळी ऊन राहते, ओढ चांगली लागते, डांबर कमी जमते आणि भिंतही तापत नाही. राख ओतताना सर्वांनी नाकाला ओली फडकी बांधली होती. तळाशी काजळी काढण्यासाठी झाकणाचे तोंड ठेवले.

वरचा भाग अवघड होता. शेजारच्या कठड्याहून दोन फूट वर जावयाचे तर कौलांवर नऊदहा फूट नळी मोकळी उभी राहणार; तिला आधार हवा. शेजाऱ्याच्या भिंतीत लोखंडी पट्ट्या ठोकण्याची परवानगी मागावयास अण्णा स्वतः गेले. या दोन घरांत त्या बुजविलेल्या झरोक्यापासून बोलणे नव्हते. अर्ध्या तासाने ते परत आले ते शेजाऱ्याच्या मुलालाच शिडी धरावयास घेऊन. अण्णांचा धूर दोन वर्षे त्यांच्या खिडकीत जात होता, आणि तेही बिचारे डोकेदुखीच्या गोळ्या घेत होते! उघड्या नळीवर दुसरी मोठी नळी चढवून मधे तीच राख भरली, माथ्यावर पावसासाठी टोपी व पाखरांसाठी जाळी बसविली. न्हाणीघराचा झरोका पुन्हा उघडला. त्याला तिरप्या फळ्या लावल्या, म्हणजे हवा येते आणि दिसत काही नाही. खालच्या भोकाला उंदरांसाठी बारीक जाळी लावली.

शुक्रवारी रात्री आजींनी विचारले, ‘फादर, पोप निवडतात तेव्हा तो पांढरा धूर कुठल्या धुराड्यातून येतो हो?’ मी सांगितले की सिस्टीन प्रार्थनामंदिरात एक ओतीव लोखंडाची शेगडी आहे, ती 1939 च्या निवडणुकीपासून वापरात आहे आणि तिच्यावर त्या त्या वर्षांचे आकडे कोरलेले आहेत. 2005 साली तिच्या जोडीला धुराला रंग देणारे दुसरे यंत्र आले. दोघांचा धूर एकाच नळीतून वर जातो. धूर उलटा फिरू नये म्हणून ती नळी आधी विजेने ऊन करतात आणि शिवाय पंखाही ठेवलेला असतो. 8 मे 2025 रोजी लिओ चौदावे निवडले गेले तेव्हाचा पांढरा धूर आजींनी मोबाइलवर पाहिला होता. ‘म्हणजे कार्डिनल लोकांचं धुराडंही आधी तापवावं लागतं तर’, त्या म्हणाल्या. मी म्हटले, होय; आणि आपणही थंडीत आधी दोन कागद किंवा सुकी पाचट पेटवून नळी ऊन करावी, मगच लाकूड लावावे. ओले सरपण तर लावूच नये.

शनिवारी पहाटे मी, अण्णा, चाचा, गवंडी आणि शेजारचा मुलगा असे सारे अंगणात उभे होतो. सूनबाईंनी जाळ घातला. प्रथम थोडा वेळ काहीच दिसले नाही. अण्णा अस्वस्थ होऊन चुलीकडे जाऊ लागले. मग वरच्या टोपीखालून निळसर धूर निघाला आणि शेजारच्या कठड्यावरून सरळ निघून गेला. गवंड्याने पुन्हा माळ्यावर जाऊन विजेरीने प्रत्येक सांधा पाहिला. मुलीच्या वडिलांनी बाजारातून कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे बॅटरीचे एक लहान यंत्र आणले होते. ते मुलीच्या निजण्याच्या खोलीत लावले. ते गप्पच राहिले. गॅसच्या यंत्राचा विषय त्या घरात निघाला होता, तेव्हा ते घ्यावयाचे झाल्यास न्हाणीघराच्या बाहेर उघड्यावरच बसवावे, असे मी तिच्या वडिलांकडून कबूल करून घेतले. वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि नाताळ झाल्यावर, काथ्याचा बोळा फिरवावयाचा हेही ठरले. दोर अण्णांनी स्वतःच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवला आहे.

निघताना अण्णांनी त्या जळक्या तुळईचा तुकडा कागदात गुंडाळून माझ्या हाती दिला. पेठेत त्यांच्या भावाचे घर आहे, तेही त्यांच्या वडिलांनीच, त्याच गवंड्याकडून बांधून घेतलेले. ‘तो माझे ऐकत नाही’, अण्णा म्हणाले, ‘तुमच्या गाडीला अजून दोन तास आहेत. वाटेत त्याला एवढे दाखवून जा.’ चाचा सायकलला नळकांडी बांधून फाटकापाशी उभेच होते. आम्ही तिघे तिकडे निघालो.